ऐकणाऱ्याने लिहायचं

वकील हा वकील नव्हता, हे आधी सांगून टाकते. कॉलेजात साहित्य शिकताना तो कादंबरीतल्या कुठल्याही हलकट माणसाची बाजू घेऊन भांडायचा आणि वर्गाला पटवूनही द्यायचा, म्हणून ते नाव पडलं. मास्तर मात्र तेव्हापासूनच मास्तर होता. समोरच्याचं वाक्य दुरुस्त केल्याशिवाय त्याला चैन पडायची नाही. आणि मी तळटीप, कारण कोणी काहीही बोललं की त्याखाली बारीक आवाजात काहीतरी जोडल्याशिवाय माझी जीभ गप्प बसायची नाही.

एम.ए. झालं आणि आमची सगळी हवा गेली. वकील एका जाहिरात कंपनीत बाथरूमच्या फरशांचं गुणगान लिहू लागला. मास्तर क्लासमध्ये दहावीच्या मुलांना व्याकरण शिकवायला लागला. मी एका पॅथॉलॉजी लॅबच्या खिडकीत बसून लोकांच्या रक्ताचे रिपोर्ट पाकिटात घालून द्यायला लागले. काम वाईट नव्हतं. पण पुस्तकावर बोलायला माणूस मिळेना. लॅबमध्ये मी एकदा एका कादंबरीचं नाव काढलं, तर तंत्रज्ञ बाईंनी विचारलं, "परीक्षा आहे का गं तुझी?"

म्हणून तिघांनी मिळून ब्लॉग सुरू केला. पहिले लेख भयंकर होते. प्रत्येकाने आरशासमोर उभं राहून लिहिल्यासारखे. वकिलाचा लेख म्हणजे नुसती रोषणाई, मास्तरचा म्हणजे उत्तरपत्रिका, माझ्या लेखात मुख्य मजकूर शोधावा लागत होता. मास्तर वैतागून म्हणाला, "आपण पुस्तकाबद्दल लिहीतच नाही. स्वतःच्या वाक्यांचे लाड करतोय नुसते."

त्यावर त्यानेच नियम काढला. ज्याने पुस्तक वाचलं त्याने फक्त सांगायचं. ते कुठे वाचलं, काय आठवलं, कुठे घसा दाटला, सगळं. दुसऱ्याने ऐकायचं आणि ऐकणाऱ्याने लिहायचं, तेही 'मी' म्हणून, जणू ते पुस्तक त्यानेच वाचलंय. तिसऱ्याने कात्री चालवायची. लेखाखाली कोणाचंच नाव नाही. आणि सांगणाऱ्याने एखादी गोष्ट 'नको' म्हटली की ती नको. कारण विचारायचं नाही.

तुम्हाला हा पोरखेळ वाटेल, पण त्या खेळाने आम्हाला जगवलं. दर रविवारी दुपारी मास्तरच्या क्लासमध्ये, रिकाम्या बाकांवर बसून आम्ही तासन्‌तास बोलायचो. मी तापात पडल्या पडल्या वाचलेली एक जुनी कादंबरी सांगितली, ती वकिलाने अशी लिहिली की मला पुन्हा ताप यावा असं वाटलं. मास्तरने आत्याच्या घरी माळ्यावर सापडलेल्या फाटक्या पुस्तकाबद्दल सांगितलं, ते मी लिहिलं. वाचक वाढायला लागले. एका बाईंनी विचारलं, "तुम्ही नक्की कोण आहात? कधी बाई वाटता, कधी बुवा, आणि परवा तर चक्क म्हातारे वाटलात." ते वाचून आम्ही बाकांवर लोळून हसलो.

माझी पुस्तकं बहुतेक वकीलच ऐकायचा. त्याच्यासारखा ऐकणारा मी पाहिला नाही, हे आजही म्हणते, दातओठ खाऊन म्हणते. तो काही टिपून घ्यायचा नाही. बाकावर हनुवटी टेकवून बसायचा आणि मध्येच भलतंच विचारायचा. खिडकी कुठल्या हाताला होती? तेव्हा पायात चप्पल होती की नव्हती? आपल्याला वाटायचं, याला काय करायचंय, आणि उत्तर देता देता आपण विसरलेलं सगळं घर डोळ्यांसमोर उभं राहायचं. लग्न सोडून बाकी ज्या ज्या गोष्टीला माणसावर विश्वास लागतो, त्या सगळ्यांत मी त्याच्यावर विश्वास टाकला होता.

अशाच एका रविवारी मी एका बेकार माणसाची कादंबरी सांगायला बसले आणि बाबांचं सांगून बसले.

माझे बाबा एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. नटबोल्ट, पट्टे, ग्रीसचे डबे, सगळं त्यांच्या ताब्यात. मी शाळेत असताना त्यांना कामावरून काढलं. त्यांनी घरी सांगितलं नाही. त्याला कारण माझा मामा. मामा कामधंद्याशिवाय आमच्याकडे येऊन पडला होता आणि आईने, सख्ख्या बहिणीने, त्याची पिशवी उंबऱ्याबाहेर ठेवली होती. "बसून खाणाऱ्याला या घरात जागा नाही," असं ती सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं म्हणाली होती. बाबा तेव्हा आतल्या खोलीत होते. काही महिन्यांनी त्यांचीच नोकरी गेली. कारखान्याने जो काही हिशोब हातात ठेवला, त्यातून ते दर महिन्याला पगार म्हणून आईला देत राहिले, आणि रोज सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडत राहिले.

शाळेने एकदा आम्हाला नकाशे उतरवायला सार्वजनिक वाचनालयात पाठवलं. तिथे खिडकीजवळच्या टेबलापाशी माझे बाबा बसले होते आणि एक जाडजूड कादंबरी वाचत होते. इतके बुडून गेले होते की मी शेजारी जाऊन उभी राहिले तरी कळलं नाही. मी "बाबा" म्हटल्यावर ते इतके दचकून उठले की खुर्ची उलटी झाली. मग त्यांनी ती उचलली, शेजारची दुसरी ओढली आणि म्हणाले, "बस. एवढं पुस्तक संपू दे. तोवर आईला सांगू नको."

ते पुस्तक संपलं, मग त्यांनी दुसरं घेतलं. मी रोज शाळा सुटली की तिथे जायला लागले. ते त्यांचं वाचायचे, मी माझं. मध्येच ते एखादं वाक्य बोट ठेवून मला दाखवायचे आणि भुवया उडवायचे. मी वाचायला लागले ती तिथे, माझ्या बापाच्या खोटेपणाच्या शेजारी बसून, आणि तितकी सुखी मी नंतर कधी नव्हते. वर्षभराने त्यांना बर्फाच्या कारखान्यात काम मिळालं. त्यानंतर त्यांनी पुस्तक हातात धरलं नाही. मी वाचनालयातून आणून समोर ठेवलं तरी ते हळूच बाजूला सारायचे. "घरात वाचायला बसलो तर तुझी आई विचारेल ना, ही सवय कधी लागली," म्हणायचे.

हे मी आयुष्यात कोणाला सांगितलं नव्हतं. वकील ऐकत होता. मागच्या बाकावर मास्तर पेपर तपासत होता, त्याचंही पेन थांबलं.

"बसण्याआधी ते काय करायचे?" वकिलाने विचारलं.

"खुर्चीवर रुमाल झटकायचे. दोनदा. मग घडी घालून खिशात."

"आणि पान उलटताना?"

"तळहाताने सपाट करायचे. रॅकवरची धूळ पुसावी तसं."

त्याने लिहिलेला लेख मी लॅबच्या खिडकीत वाचला आणि एका गृहस्थांना दुसऱ्याच कोणाचा तरी साखरेचा रिपोर्ट देऊन मोकळी झाले. बाबा जसेच्या तसे होते. मी नव्हतं सांगितलं तेही त्यात होतं, आणि खरं होतं. बाबांना जाऊन काही वर्षं झाली होती, पण त्या दिवशी दुपारभर ते माझ्याजवळ होते. आणि संध्याकाळी मी वकिलाला फोन करून सांगितलं, "नको."

"अगं, आपला सगळ्यात चांगला लेख आहे हा."

"नको म्हणजे नको. आईला कळेल."

आईला कळलं असतं तर बाबा बेकार होते याचं तिला काही वाटलं नसतं. ती ते पचवून वर हसली असती. पण आपला नवरा आपल्याला घाबरून वर्षभर दुसऱ्यांच्या खुर्चीवर बसून राहिला, आपण भरून दिलेला डबा लपून खात राहिला, आणि पोरीला ते माहीत होतं, हे तिला सहन झालं नसतं. तिच्या संसाराची सगळी मिजास एकाच गोष्टीवर होती. "तुझ्या बाबांनी माझ्यापासून कधी काही लपवलं नाही," हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

मास्तरने माझ्यासमोर ब्लॉगच्या मसुद्यांमधून लेख काढून टाकला. "नको म्हटलं की नको," म्हणाला. मला त्याचा अभिमान वाटला होता.

पुढे ब्लॉग मंदावला. मास्तरचं लग्न झालं, माझ्या लॅबच्या वेळा बदलल्या. मग एक दिवस वकिलाचा फोन आला की एक प्रकाशक पुस्तक काढतोय. "माझ्या हातचे लेख गोळा करतोय. तुझी हरकत नाही ना?" मी म्हटलं, "वेड्या, लिहिलेलं तुझं. मला काय विचारतोस." मला खरंच आनंद झाला होता. कुठले लेख, हे विचारायचं माझ्या मनातही आलं नाही. 'नको' म्हटलेलं सोडून सगळे, हे त्याला सांगावं लागतं का?

पुस्तकाला बक्षीस मिळालं. मिळाल्याचंही त्याने आनंदाने कळवलं, पण प्रत मात्र दिली नाही. "कार्यक्रमातच देईन, सही करून," म्हणाला. आई म्हणाली, "मी पण येणार. माझ्या हातचं जेवलाय पोरगा." खरंच, एम.ए.च्या दिवसांत तो आमच्याकडे सारखा पडीक असायचा. बाबा तेव्हा होते. दोघं क्रिकेटवर भांडायचे.

सभागृह भरलेलं होतं. आमच्या पुढच्या रांगेत वकिलाचे वडील बसले होते, गलेलठ्ठ, हसरे, टपाल खात्यातून निवृत्त. मास्तर मंचाच्या पायऱ्यांजवळ उभा होता. त्याने मला हात केला, पण जवळ आला नाही. मला वाटलं, कामात असेल.

भाषणं झाली. मग वकील माइकपाशी आला आणि म्हणाला, "पुस्तकातला पहिला लेख वाचतो. माझ्या वडिलांवरचा आहे."

मी कौतुकाने पुढे वाकून त्याच्या वडिलांच्या टकलाकडे पाहिलं. आणि वकिलाने वाचायला सुरुवात केली.

"माझे बाबा रोज सकाळी डबा घेऊन कामावर निघायचे, आणि त्यांना काम नव्हतं."

खिडकी आली. उलटी झालेली खुर्ची आली. रुमाल दोनदा झटकला गेला. बोट ठेवलेलं वाक्य, उडवलेल्या भुवया, सगळं रांगेने आलं. फक्त शाळेतून नकाशा उतरवायला आलेली मुलगी नव्हती. तिच्या जागी एक मुलगा होता, आणि तो मुलगा सूट घालून मंचावर उभा राहून माझ्या बापाला 'माझे बाबा' म्हणत होता. लोक नाकं ओढायला लागले. मी आईकडे बघितलं. ती डोळे टिपत होती. वकिलाने शेवटचं वाक्य वाचलं आणि सभागृह उठून उभं राहिलं. आईही उभी राहिली. टाळ्या वाजवायला लागली.

मी एकटी बसून होते. मला ओरडायचं होतं, आणि आई शेजारी होती.

चहाच्या वेळी मी आईला खुर्चीवर बसवलं आणि मंचामागच्या बोळात वकिलाला गाठलं. त्याच्या हातात पुष्पगुच्छ होता आणि शेजारी मास्तर होता.

"तो लेख काढून टाकला होता," मी म्हटलं.

"ब्लॉगवरून," वकील म्हणाला. "माझ्याकडे होता. मी लिहिलाय तो."

"मी नको म्हटलं होतं."

"ब्लॉगसाठी. तळटीप, ऐक. तेव्हा तू घाबरली होतीस. तुझं नाव कुठेय त्यात? गाव नाही, कारखाना नाही. कोणाला कळणार?"

"माझ्या आईला कळणार! ती बाहेर बसलीय, मूर्खा! तू तिच्या हातचं जेवलायस!"

"काकू रडत होत्या, मी बघितलं. त्यांना आवडला."

माझा हात शिवशिवला. "आणि 'माझे वडील'? तुझे वडील पुढच्या रांगेत बसलेत, धडधाकट!"

इथे तो जरा वरमला. "परीक्षकांनी फोनवर विचारलं, स्वानुभव आहे का. मी 'हो' म्हणून गेलो. नंतर मागे कसं घेणार? आणि आपण तेच करायचो ना सगळी वर्षं? तू सांगायचीस, मी 'मी' म्हणून लिहायचो. तेव्हा तुला चाललं. तेव्हा तूच म्हणायचीस, माझं तुझ्या हातात जास्त छान होतं."

याला म्हणतात वकील. माझ्याच तोंडचे शब्द माझ्यासमोर साक्षीला उभे केले. मी मास्तरकडे वळले. "तुला माहीत होतं?"

मास्तरने पायांकडे बघितलं. "प्रुफं मी तपासली."

"आणि?"

"चांगला होता गं लेख. एक शब्द बदलावासा वाटला नाही." मग हळूच म्हणाला, "मला वाटलं, त्याने तुला विचारलं असेल."

"मग मघाशी जवळ का आला नाहीस?"

ज्याने नियम काढला, ज्याने माझ्यासमोर लेख पुसला, तो व्याकरण बरोबर आहे म्हणून गप्प राहिला होता. वकिलाचा मला संताप आला. मास्तरचं मात्र वाईट वाटलं, आणि ते जास्त जिव्हारी लागलं.

"मी बाहेर जाऊन सांगते सगळ्यांना," मी म्हटलं.

"सांग," वकील म्हणाला. आवाज शांत होता, अगदी रविवारी दुपारी प्रश्न विचारताना असायचा तसा. "मी नाही म्हणणार नाही. माइक चालू आहे अजून. जा, सांग की ते तुझे बाबा होते."

त्याला माहीत होतं मी जाणार नाही. का जाणार नाही, हेही त्याला मीच सांगितलं होतं. इतक्या वर्षांत मी त्याला जे जे दिलं, त्यातून त्याने नेमकी माझी दुखरी जागा उचलून ठेवली होती, आणि आज तिच्यावर बोट ठेवून तो निवांत उभा होता. मी परत फिरले. पुस्तकाची प्रत त्याने हातात द्यायचा प्रयत्न केला, ती मी घेतली नाही.

बाहेर आई वकिलाच्या वडिलांशी बोलत होती. ते खो खो हसत होते. "अहो वहिनी, मी कसला बेकार! उभ्या आयुष्यात बिनपगारी रजा नाही माझी. आणि वाचनालयाची पायरी चढेल तो मी नव्हेच. पोराला विचारलं, हे काय माझ्या नावावर खपवलंस, तर म्हणतो, बाबा, साहित्य असतं ते."

आईही हसली. पण तिचं हसू अर्ध्यावरच राहिलं, हे मी पाहिलं.

घरी आल्यावर तिने दिवा लावला, पाणी प्यायली आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. मी उगाच ओटा पुसायला घेतला.

"त्याचे वडील तर तसे नव्हते," ती म्हणाली.

"हं."

"मग कोणाचे?"

फडकं माझ्या हातात होतं. मी पुसलेलाच ओटा पुन्हा पुसला.

"रुमाल झटकायचे असं वाचलं ना त्याने. दोनदा. आणि पान असं सपाट करायचे. तुझे बाबा पेपरची घडी तशी करायचे." ती माझ्याकडे बघत होती. "खरं सांग. कोणाचं आहे ते?"

दोनच उत्तरं होती. 'आपल्या बाबांचं' म्हटलं असतं तर बाबा मला परत मिळाले असते. खिडकी, खुर्ची, सगळ्यासकट. आणि आईला तिचा घाबरलेला नवरा मिळाला असता, आता, म्हातारपणी, ज्याला काही विचारता येत नाही असा. मी तोंड उघडलं तेव्हाही काय बोलणार आहे हे मला ठाऊक नव्हतं.

"कोणाचंच नाही, आई. लेखक रचतात."

"सगळं?"

"सगळं."

आईने श्वास सोडला. तिचे खांदे खाली आले आणि चेहरा असा सैलावला की मला तिच्याकडे बघवेना. "मला वाटलंच," ती म्हणाली. "क्षणभर मेलं काहीतरीच मनात आलं माझ्या. तुझे बाबा कशाला असं करतील? आणि वाचनालयात? पुस्तक हातात धरलेलं मी कधी पाहिलं नाही त्यांना. दोन पानं वाचली असती तर झोप लागली असती."

"हो," मी म्हटलं.

"त्या सवयी मात्र त्याने आपल्याकडूनच उचलल्या बघ. जेवायला यायचा तेव्हा बघितलं असेल." ती उठली, भांड्यांचं टोपलं पुढे ओढलं आणि एकेक भांडं जागेवर लावायला लागली. "किती बारीक लक्ष पोराचं. परका असून त्याने ह्यांचं एवढं लक्षात ठेवलं." मग थांबून, राग नव्हता, नुसतंच विचारल्यासारखं म्हणाली, "तू एवढी साहित्य शिकलीस. पोटची पोर त्यांची. तुला नाही गं कधी बाबांवर चार ओळी लिहाव्याशा वाटल्या?"

"नाही जमलं," मी म्हटलं, आणि तिच्या हातातलं पातेलं घेऊन वरच्या फळीवर ठेवलं.